जाण्याआधी विचारा, आल्यावर सांगा

प्रति,
युनेस्को, जी-२० आणि इतर आंतरराष्ट्रीय शिक्षण बैठकांना भारतातर्फे जाणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख व सर्व सदस्य यांना

सविनय नमस्कार.

मी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. तुम्हाला पत्र लिहावंसं वाटलं ते वर्गातल्या एका मिनिटामुळे, म्हणून आधी ते मिनिटच सांगते.

तिसरीतल्या एका मुलीचं वाचन घेत होते. माझ्या एका हातात मोबाइलचं घड्याळ, समोर नोंदवही. भिंतीवर तक्ता लावलेला आहे : तिसरी, मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह. मुलगी बोट ठेवून वाचत होती आणि बरी वाचत होती. 'लाट' या शब्दापाशी थांबली. अक्षरं तिला लागली होती. मान वर करून म्हणाली, "बाई, लाट म्हणजे?" समुद्र तिने कधी पाहिलेला नाही. पांझरा नदीच्या पुराचं पाणी मात्र पाहिलंय. मी म्हटलं, पुरात पाणी कसं एकावर एक चढून येतं, तसं. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, "मग ती आवाज करत येते." तेवढ्यात मिनिट संपलं. नोंदवहीत ४१ लिहिले.

त्या नोंदवहीत 'मग ती आवाज करत येते' असं लिहायला रकाना नाही.

तो तक्ता आमच्या भिंतीवर कसा आला ते मी नंतर शोधलं. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि हिशेब करता यावा हे त्याचं उद्दिष्ट. त्याच्या मागे नवं शैक्षणिक धोरण २०२०. आणि या सगळ्यासोबत उभं आहे संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतलं चौथं, म्हणजे शिक्षणाचं ध्येय. दुसरी-तिसरीतल्या किती मुलांना किमान पातळीचं वाचन आणि गणित येतं, हे मोजायचं असं त्या ध्येयाचा ४.१.१ क्रमांकाचा निर्देशक सांगतो. हे ध्येय २०१५ मध्ये ठरलं. त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण कोरियातल्या इंचिऑनला जागतिक शिक्षण परिषद भरली होती, तिथे त्याची शिक्षणाची बाजू पक्की झाली. त्या सभागृहात देशाच्या नावाची पाटी असते, पाटीमागे खुर्च्या असतात. आपल्या पाटीमागे तुम्ही बसता.

म्हणजे तिथे मान्य झालेला एक शब्द सहा वर्षांनी माझ्या भिंतीवर आकडा होऊन येतो. मुलांना वाचता आलंच पाहिजे, यावर माझं तुमचं दुमत नाही. वाचता न येता चौथी पास झालेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांचं पुढे काय होतं तेही पाहिलंय. माझं म्हणणं वेगळं आहे. तो शब्द मान्य करण्याआधी तुम्ही आम्हाला विचारलं नाही, आणि मान्य करून आल्यावर आम्हाला सांगितलंही नाही.

हे आजचंच नाही. कराचीत १९५९ च्या अखेरीस आणि १९६० च्या सुरुवातीला युनेस्कोच्या आशियाई सदस्य देशांची बैठक झाली. १९८० पर्यंत प्रत्येक मुलाला सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यायचं असं तिथे ठरलं. त्याला 'कराची आराखडा' म्हणतात. आमच्या गावात त्या वर्षांत काय चाललं होतं ते गावातली म्हातारी माणसं सांगतात : शाळा देवळाच्या ओसरीत भरायची आणि पावसात सुटी असायची. आपल्या राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने त्याआधीच दहा वर्षांचा वायदा केला होता. शेवटी शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. कराचीत कबूल केलेल्या मुदतीच्या तीस वर्षांनंतर. या तीस वर्षांत जी मुलं गुरांमागे राहिली, त्यांतली काही आज माझ्या विद्यार्थ्यांचे आजी-आजोबा आहेत. पालकसभेच्या रजिस्टरवर ते अंगठा उठवतात.

मार्च १९९० मध्ये थायलंडच्या जोम्तिएनला 'सर्वांसाठी शिक्षण' ही घोषणा झाली. डिसेंबर १९९३ मध्ये जास्त लोकसंख्येच्या नऊ देशांची परिषद तर आपल्याच राजधानीत भरली. पुढच्या वर्षी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या काही जिल्ह्यांत तो पहिल्या टप्प्यातच आला. जुने शिक्षक अजून त्या प्रशिक्षणांची आठवण काढतात. गाणी, खेळ, शैक्षणिक साहित्य, गोल करून बसणं, हे सगळं शाळांत त्या वेळी आलं. बाहेरच्या बैठकीतून आपल्याकडे चांगलंही येतं, हे मला मान्य आहे आणि ते मोकळेपणाने सांगायला हवं.

एप्रिल २००० मध्ये सेनेगलमधल्या डाकारला १६४ देश जमले. त्या आराखड्यात देशांनी बारा गोष्टींची हमी दिली. शिक्षकांचा दर्जा, मनोबल आणि व्यावसायिकता वाढवू, ही त्यांतलीच एक. त्याच वर्षी आमच्या राज्यात शिक्षणसेवक योजना आली. मी त्याच योजनेतून नोकरीला लागले. तीन वर्षं, महिना ३००० रुपये मानधन. खोलीचं भाडं, एसटीचा पास आणि घरी पाठवायचे पैसे काढले की उरायचं काय, ते मी इथे मांडत बसत नाही. पण डाकारमध्ये माझ्या दर्जाबद्दल आणि मनोबलाबद्दल माझ्या देशाने काही कबूल केलं होतं, हे मला समजलं पंधरा वर्षांनी, एका जुन्या पुस्तिकेत. तेव्हा कळलं असतं तर आमच्या संघटनेने निवेदनात ते वाक्य लिहिलं असतं. तुम्ही आमच्या वतीने मिळवलेली वस्तू आमच्यापर्यंत पोहोचलीच नाही.

अशी आणखी एक वस्तू आहे. ५ ऑक्टोबर १९६६ ला युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मिळून शिक्षकांच्या दर्जाबाबतची शिफारस स्वीकारली. १९९४ पासून त्या तारखेला जागतिक शिक्षक दिन पाळतात. आपल्याकडे ५ सप्टेंबरला हारतुरे होतात आणि ५ ऑक्टोबर बहुतेकांना ठाऊकही नसतो. त्या शिफारशीत स्पष्ट लिहिलंय की शिक्षणाची धोरणं ठरवण्यात शिक्षक संघटनांना सहभागी करून घ्यावं.

आता खुर्चीबद्दल लिहिते.

युनेस्कोच्या घटनेचं चौथं कलम मी वाचलं. सर्वसाधारण परिषदेसाठी प्रत्येक देशाने जास्तीत जास्त पाच प्रतिनिधी नेमावेत, आणि त्यांची निवड त्या देशातल्या युनेस्कोच्या कामासाठीच्या राष्ट्रीय आयोगाशी, किंवा शिक्षण, विज्ञान व संस्कृती क्षेत्रांतल्या संस्थांशी सल्लामसलत करून करावी, असं त्यात आहे. सल्लामसलत हा शब्द १९४५ पासून तिथे आहे. लंडनमध्ये त्या वर्षी १६ नोव्हेंबरला ही घटना तयार झाली तेव्हा स्वातंत्र्य दीड-पावणेदोन वर्षं दूर होतं, तरी भारत पहिल्यापासून त्यात होता. राजकुमारी अमृत कौर भारताच्या शिष्टमंडळात होत्या. पुढच्या वर्षी पॅरिसलाही गेल्या. मग सर्वपल्ली राधाकृष्णन आले, ज्यांनी युनेस्कोच्या कार्यकारी मंडळाचं आणि सर्वसाधारण परिषदेचं अध्यक्षपद भूषवलं. १९५६ मध्ये ही परिषद नवी दिल्लीत भरली, तेव्हा मौलाना आझाद अध्यक्षस्थानी होते. त्या पाटीमागे बसलेली ही माणसं. त्यांच्या जागेवर तुम्ही बसता, म्हणून मला तुमच्याबद्दल आदर आहे आणि म्हणूनच अपेक्षाही आहे.

राष्ट्रीय आयोगाशी सल्लामसलत होते ती दिल्लीत होते. आपला राष्ट्रीय आयोग १९४९ पासून आहे, शिक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात. पण गेल्या पंचवीस वर्षांत आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत असा एकही विषय आला नाही की 'अमुक बैठकीला देशाने काय भूमिका घ्यावी, तुमचं मत कळवा'. केंद्राची शिक्षण परिषद म्हणजे काय हे तुमच्यापैकी काहींना कदाचित माहीत नसेल. आठ-दहा-बारा शाळांचं मिळून एक केंद्र असतं, केंद्रप्रमुख असतात, आणि त्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका शाळेत जमतात. वरून आलेले विषय घेतले जातात, कुणीतरी नमुना पाठ घेतं, चहा होतो, अडचणी निघतात. महाराष्ट्रभर असं चालतं. तुम्ही एक कागद खाली पाठवला तर हजारो वर्गखोल्यांत त्याच महिन्यात त्यावर चर्चा होऊ शकते. त्यासाठी नवी समिती नको, नवा निधीही नको.

जून २०२३ मध्ये ही संधी दाराशी आली होती. जी-२० चं अध्यक्षपद भारताकडे होतं. शिक्षण कार्यगटाच्या बैठका चेन्नई, अमृतसर, भुवनेश्वर करत पुण्याला आल्या, आणि २२ जूनला शिक्षणमंत्र्यांची बैठक पुण्यात झाली. मुख्य विषय होता पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान, म्हणजे आमचाच. आमच्याकडे शाळा १५ जूनला उघडतात. पहिलीतली मुलं रडत असतात, पाठ्यपुस्तकं वाटायची असतात, पोषण आहाराचा तांदूळ मोजून घ्यायचा असतो. त्याच दिवसांत जनभागीदारीचे कार्यक्रम घ्या, फोटो पाठवा, असे निरोप आले. आम्ही घेतले. मुलांनी ठोकळ्यांनी बेरजा करून दाखवल्या, आया आल्या, फोटो गेले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात मोठं प्रदर्शन होतं. मी माझ्या खर्चाने, रात्रीच्या एसटीने, ते बघायला गेले. एका दालनात हाताने बनवलेलं साहित्य मांडलं होतं : चिंचोक्यांच्या माळा, बाटल्यांच्या झाकणांवर लिहिलेली अक्षरं. परदेशी पाहुण्यांपैकी एक बाई बराच वेळ ती झाकणं हातात घेऊन बघत होत्या. एक झाकण उलटं करून त्यांनी आत डोकावून पाहिलं, आतला रबर अजून तसाच होता. मला फार वाटलं की त्यांना सांगावं, ही झाकणं मुलंच गोळा करून आणतात, आणि 'ळ' चं झाकण नेहमी हरवतं. पण मी दोरीच्या अलीकडे होते.

पुण्याच्या बैठकीतून फलनिष्पत्तीचा दस्तऐवज आणि अध्यक्षांचा सारांश प्रसिद्ध झाला. बैठक महाराष्ट्रात, विषय पहिली ते तिसरीचा. त्या दस्तऐवजाचं मराठी भाषांतर शाळेच्या टपालात मी वर्षभर शोधत होते. आमच्याकडून गेले ते फोटो. उलट दिशेने काही आलं नाही.

कुणी म्हणेल, शिष्टमंडळात प्राथमिक शिक्षक काय करणार? तिथली भाषा वेगळी, शिष्टाचार वेगळे. भाषेचं म्हणाल तर अशा सभांमध्ये दुभाषे असतातच. युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेच्या अधिकृत भाषांत हिंदीही आहे. आणि आपल्या बोलीत बोलायचं असेल तर सोबत आपला दुभाषा न्यावा लागतो, एवढंच. कुवतीचं म्हणाल तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्कारातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. जिल्हा परिषदेचा शिक्षक जगासमोर उभा राहिला की काय करतो, हे जगाने पाहिलंय.

आणि याचा जुना दाखला आपल्या मातीतच आहे. १८८२ मध्ये इंग्रज सरकारचा शिक्षणाबद्दलचा हंटर आयोग आला तेव्हा महात्मा जोतीराव फुल्यांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिलं. सरकारचा बराचसा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो, हे त्यांनी त्यात मांडलं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शेतकरी वर्गातले असावेत, गरज पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराची तासणी हातात घ्यायला न लाजणारे असावेत, आणि त्यांचा पगार १२ रुपयांच्या खाली कधी नसावा, असंही लिहिलं. बघा, किती बारीक लिहिलंय. पगाराचा आकडासुद्धा. स्वतः शाळा चालवल्या होत्या, म्हणून हे लिहिता आलं. आयोगासमोर बोलणारा माणूस असा हवा.

जे. पी. नाईक आठवतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. देशाच्या शिक्षणाचा विचार करायला नेमलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्या आयोगात ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ, फ्रान्स आणि जपानमधले तज्ज्ञ बसले होते. त्यांच्यासमोर देशाची बाजू मांडणाऱ्या नाईकांना खेड्यातल्या शाळेचा पट, हजेरी आणि गळती हातच्या रेषांसारखी ठाऊक होती. त्या आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा म्हणून सांगितलं. इंचिऑनच्या आराखड्यातही चार ते सहा टक्के आहेत, २०२० च्या धोरणातही सहाच आहेत. तिथपर्यंत आपण अजून पोहोचलो नाही.

खाली बसलेल्या माणसांचं म्हणणं शिष्टमंडळाने वर नेलं तर काय होतं, याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण शेजारच्या बांगलादेशाचं आहे. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये राहणाऱ्या दोन बंगाली माणसांनी १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या महासचिवांना पत्र लिहिलं. ढाक्यात २१ फेब्रुवारी १९५२ ला मातृभाषेसाठी तरुण मेले, तो दिवस जगातल्या सगळ्या मातृभाषांचा दिवस करा, अशी मागणी. त्यांना कळवण्यात आलं की असा प्रस्ताव सदस्य देशाने मांडावा लागतो. मग बांगलादेशाच्या सरकारने तो उचलला, त्यांच्या शिष्टमंडळाने युनेस्कोत मांडला, आणि १७ नोव्हेंबर १९९९ ला तो मंजूर झाला. साध्या पत्रापासून सुरुवात झाली होती. आज आमच्या शाळेतही २१ फेब्रुवारीला मुलं आपापल्या घरच्या भाषेत गाणं म्हणतात. माझ्या वर्गात काहींच्या घरी अहिराणी आहे, काहींच्या घरी भिली, काहींच्या घरी कोकणी (सह्याद्रीतल्या कोकणा आदिवासींची, गोव्याची नव्हे). नवीन मुलाला मी पहिल्या दिवशी विचारते, "काय करी ऱ्हायना?" तो दचकतो, मग हसतो. पुस्तकाची मराठी त्याच्यापर्यंत न्यायला तेवढा पूल लागतो. युनेस्कोच्या तज्ज्ञांनी १९५३ मध्येच सांगून ठेवलंय की मुलाची सुरुवात मातृभाषेतून व्हावी. वाचनाचा वेग मोजताना ही गोष्ट कुठे जाते, हे मला तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे. तुम्ही त्या निर्देशकांच्या चर्चेत पुन्हा बसाल तेव्हा हा मुद्दा मांडाल का?

एक मोठा विषय पिसाचा आहे. १५ वर्षांच्या मुलांच्या या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००९ च्या फेरीच्या विस्तारात तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. ७४ जणांच्या यादीत ७२ वे आणि ७३ वे आले. त्यानंतर आपण बाहेर पडलो. २०२१ ला परत जायचं ठरलं, ती फेरी करोनामुळे २०२२ वर गेली, आणि आपण तिच्यातही उतरलो नाही. प्रश्नांचा संदर्भ आपल्या मुलांचा नाही, हा आक्षेप खरा आहे. माझ्या 'लाटे'नेच तो मला शिकवला. पण मग आक्षेपाचे पुरावे घेऊन टेबलाशी जायला हवं होतं. ते पुरावे वर्गातच मिळतात. आमच्याकडे मागितले असते तर वही भरून दिले असते.

आता एका मुलाबद्दल लिहिते, कारण तुम्ही तिथे जे आकडे वाचता त्यांत तो आहे आणि नाहीही.

दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला निघतात, बरीचशी गुजरातकडे. मुकादमाचा ट्रक पहाटे येतो. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि मुलं एकाच ट्रकमध्ये. सप्टेंबरअखेर यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरली जाते तेव्हा मुलगा पटावर असतो. नोव्हेंबरमध्ये तो फडात असतो. हंगामी वसतिगृहं आहेत, शिक्षण हमी कार्ड आहे, या चांगल्या योजना आहेत, आणि काही मुलं त्यांच्यामुळे थांबतातही. पण धाकट्या बहिणीला सांभाळायला कुणी नाही म्हणून जो जातो, तो जातोच. एप्रिलमध्ये परत येतो तेव्हा हाताला उसाच्या पाचटाचे ओरखडे असतात. पेन्सिल धरायला सुरुवातीला त्रास होतो, दोन दिवस मी त्याला फक्त रंगवायला देते. जोडाक्षरं विसरलेला असतो, पण गुजराती आकडे वाचायला शिकून आलेला असतो, कारण काट्यावर वजनाची पावती बापाला वाचून दाखवायची असते.

हा मुलगा दाखल आहे. म्हणून जगात शाळाबाह्य असलेल्या पंचवीस कोटींहून जास्त मुलांच्या आकड्यात तो नाही. आणि शाळेतही नाही. तुम्ही निवेदन वाचता तेव्हा देशाला तीन-चार मिनिटं मिळतात, मला कल्पना आहे. त्यांत नोंदणीचं प्रमाण सांगितलं जातं, आणि ते अभिमानाचंच आहे. त्यातलं अर्धं मिनिट या मुलाला द्या. स्थलांतरित मुलांची उपस्थिती हंगामानुसार मोजावी, असा प्रस्ताव भारताने मांडला तर ब्राझील, इंडोनेशिया, नायजेरियासारखे देश तो समजून घेतील असं मला वाटतं. शेतमजुरांची मुलं त्यांच्याकडेही आहेत. हे देश तर १९९३ मध्ये दिल्लीत आपल्याच सोबत बसले होते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. तुम्ही बैठकीला निघण्याआधी किमान एक महिना तिची विषयपत्रिका आणि देशाच्या भूमिकेचा कच्चा मसुदा मराठीसह आपल्या भाषांमध्ये राज्यांकडे पाठवावा, आणि राज्याने तो केंद्राच्या शिक्षण परिषदेपर्यंत आणावा. शिष्टमंडळात एक जागा सध्या वर्गात शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकाला द्यावी, दर वेळी वेगळ्या राज्यातल्या. निवृत्त नको, प्रतिनियुक्तीवरचा नको. ज्याच्या हाताला खडू लागलेला आहे असा. त्याला फक्त उद्घाटनाच्या फोटोत उभं करू नका. मसुदा समितीत शब्दाशब्दावर खल होतो, वादाचे शब्द कंसात टाकून पुन्हा चर्चेला घेतात. तिथे त्याला बसवा. परत आल्यावर दोन महिन्यांच्या आत दोन पानांचा अहवाल आपल्या भाषांमध्ये द्या. काय मागितलं, काय मिळालं, काय कबूल केलं, आणि ते कबूल केल्यामुळे वर्गात काय बदलणार आहे, एवढं त्यात असलं तरी पुरे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये उझबेकिस्तानातल्या समरकंदला युनेस्कोची त्रेचाळिसावी सर्वसाधारण परिषद झाली. चाळीस वर्षांनी ती पॅरिसच्या बाहेर पडली. शाश्वत विकासाच्या ध्येयांची मुदत २०३० ला संपते. त्यानंतर काय, ही बोलणी आता सुरू होतील, म्हणजे नवे शब्द ठरतील आणि नव्या भिंतींवर नवे तक्ते येतील. या वर्षी माझ्या शाळेत पहिलीत बसलेलं मूल तेव्हा हायस्कूलच्या उंबरठ्यावर असेल. म्हणून हे पत्र आत्ता लिहिलं. तक्ता छापून झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

आमच्या केंद्राची शिक्षण परिषद महिन्यातून एकदा, शनिवारी भरते. सकाळची शाळा सुटली की साडेअकराला सगळे जमतो. पुढच्या वेळी यजमान आमची शाळा आहे. मसुद्याचं टपाल आठवडाभर आधी पोहोचलं तर मी सगळ्या शाळांना प्रती काढून देईन, म्हणजे वाचून येता येईल. तुमच्यापैकी कुणी यायचं म्हटलं तर धुळ्याहून साक्री आणि साक्रीहून पिंपळनेरची एसटी मिळते. पुढे फाट्यापर्यंत आमचे सर मोटरसायकल घेऊन येतील.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका,
ता. साक्री, जि. धुळे